शंभर यार्डांवर एकच भोक, सहाशेवर उभी रांग: घरी भरलेल्या काडतुसांचा वेग का हलतो?

लक्षण आधी सांगतो. शंभर यार्डांवर पाच गोळ्या मारल्या तर पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात. आपण खूश. तीच काडतुसं घेऊन सहाशे यार्डांवर जावं, तर वारा पडलेला असतानाही भोकं एकाखाली एक, उभ्या रांगेत. आडवा पसारा चार इंच आणि उभा पसारा नऊ. पुढच्या महिन्यात नव्याने काडतुसं भरावी (म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर, म्हणजे पेटवणारी टोपी, नवी पावडर, म्हणजे दारू, आणि नवी गोळी बसवावी), अधिक जपून भरावी, आणि पुन्हा तेच. मी दोन हंगाम या आजाराबरोबर काढले. चुकीच्या जागी औषध लावत होतो म्हणून इतका वेळ गेला.

मी ओहायोत राहतो. रायफल .३०८ विंचेस्टर, गोळी १७५ ग्रेनची मॅच (स्पर्धेची) गोळी, वेग सेकंदाला २६०० फुटांच्या आसपास. ज्यांना 'ग्रेन' म्हणजे नक्की किती हे डोळ्यांसमोर येत नाही त्यांच्यासाठी: इंग्रजांनी १८३३ साली ठरवलेला तोळा १८० ग्रेनचा होता. म्हणजे ही गोळी साधारण तोळाभराची. आणि ९६ गुंजांचा तोळा धरला, तर एक गुंज झाली पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. आपण पावडर तोलतो ती एक दशांश ग्रेनपर्यंत, म्हणजे गुंजेच्या अठराव्या-एकोणिसाव्या हिश्श्यापर्यंत. सराफसुद्धा एवढा चिकटपणा करत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. हे सगळं अमेरिकेतल्या आणि जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या मराठी नेमबाजांसाठी आहे. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे. तिथे हे वाचून हात शिवशिवू देऊ नका. आणि पावडर किती ग्रेन घालायची हा आकडा मी इथे देणार नाही. तो पावडर बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातून घ्यायचा, सुरुवात खालच्या आकड्यापासून करायची. .३०८ मध्ये कमाल दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंड ठरवलेला आहे आणि तो तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो.

शंभर यार्डांवर हा दोष दिसतच नाही, त्याचं कारण साधं आहे. गोळी नळीतून निघाल्यापासून खाली पडतच असते, आणि हळू गोळीला पडायला जास्त वेळ मिळतो. दोन गोळ्यांच्या वेगात ५० फुटांचा फरक असेल, तर माझ्या गोळीसाठी शंभर यार्डांवर उंचीत फरक पडतो जेमतेम एक दशांश इंच. सहाशेवर तोच फरक चार-साडेचार इंच होतो. हजारावर सोळा-सतरा. म्हणून शंभर यार्डांवरचा सुंदर गट बघून 'माझा लोड (पावडर, प्रायमर आणि गोळीचं प्रमाण) जमला' म्हणणं म्हणजे उंबऱ्यावरून गावची शर्यत जिंकणं.

पहिला प्रश्न मात्र काडतुसाला विचारायचा नाही, स्वतःला विचारायचा. उभा पसारा श्वासामुळे येतो, मागच्या पिशवीवर बट नीट न टेकल्यामुळे येतो, दुर्बिणीतला पॅरालॅक्स (डोळा हलला की निशाण सरकल्यासारखं दिसणं) न काढल्यामुळेही येतो. हे वेगळं कसं करायचं? मला क्लबातल्या एका वयस्क नेमबाजांनी सांगितलेली युक्ती आजवर कधी फसलेली नाही. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून वीस गोळ्या मारा, प्रत्येक गोळीचा वेग लिहा, आणि निशाणीखालच्या खंदकातल्या माणसाला प्रत्येक भोक क्रमांकासह नोंदवायला सांगा. घरी येऊन कागदावर आडव्या रेघेवर वेग आणि उभ्या रेघेवर भोकाची उंची मांडा. वेगवान गोळ्या वर आणि मंद गोळ्या खाली पडल्या असतील, ठिपके तिरक्या ओळीत चढत असतील, तर दोष काडतुसात. ठिपके कसेही विखुरले असतील तर दोष बहुधा तुमच्यात. मग काडतुसांच्या सामानावर डॉलर घालवू नका, सराव करा. माझे ठिपके जिन्यासारखे चढत होते. वाईट वाटलं, पण निदान आपण नेम बरा धरतो हे कळलं.

क्रोनोग्राफवरून आठवलं. पाच गोळ्या मारून 'माझं स्टँडर्ड डीव्हिएशन (वेग सरासरीपासून साधारण किती हलतो तो आकडा) ८ आलं' असं सांगणारे खूप भेटतात. पाचच नमुन्यांवर मिळालेल्या ८ चा अर्थ एवढाच की खरा आकडा ५ पासून २३ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि तेही ९५ टक्के खात्रीने. दहा गोळ्यांनी तो पट्टा साडेपाच ते साडेचौदा होतो, वीस गोळ्यांनी सहा ते पावणेबारा. म्हणजे पाच गोळ्यांवर दोन लोडांची तुलना करणं म्हणजे नाणं उडवणंच. मी पहिला अख्खा हंगाम असंच नाणं उडवत होतो: या आठवड्यात हा प्रायमर 'चांगला', पुढच्या आठवड्यात तो.

पावडरवर सगळ्यांचा पहिला संशय

माझाही होताच. पण आधी हिशेब करून बघा, मग खिशात हात घाला. .३०८ मध्ये पावडर एक दशांश ग्रेनने बदलली तर वेग पाच-सहा फुटांनी बदलतो. तुमचा काटा दोन्ही बाजूंना एक दशांश चुकत असला तरी त्यातून दहा-बारा फुटांचा फरक निघेल. माझा सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद गोळीतला फरक होता साठ फुटांवर. बारा फुटांच्या गुन्हेगाराला साठ फुटांच्या चोरीत पकडता येत नाही. तरीही मी महागडा काटा घेतला. घेतला, कारण क्लबात सगळ्यांकडे होता.

त्या काट्यानेच उलट एक छोटा आजार आणला. आमचं तळघर, त्यातच भट्टी. हिवाळ्यात दर वीस मिनिटांनी तिचा पंखा सुरू होतो, कोरडी गरम हवा वाहते, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचा शून्य हळूहळू सरकतो. मी संध्याकाळी बसलो की पहिल्या आणि पन्नासाव्या पुंगळीत दोन दशांश ग्रेनचा फरक पडायचा, काट्यावर आकडा मात्र तोच. हे कळलं ते दर दहा पुंगळ्यांनंतर प्रमाणित वजन ठेवून बघायला लागलो तेव्हा. उपाय फुकटचा: काटा अर्धा तास आधी चालू ठेवायचा, ट्यूबलाइट आणि मोबाइल लांब, झडपेवर पुठ्ठा, आणि दर दहा पुंगळ्यांनी तेच वजन पुन्हा. हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या नरसाळ्याला स्थिर विजेने दाणे चिकटतात, तेव्हा नरसाळं ड्रायर शीटने पुसून घ्यायचं. एवढ्याने दहाबारा फूट सुटले. उरलेले पन्नास जागच्या जागी.

हात सांगत होता, मी ऐकत नव्हतो

आता खरी गोष्ट. प्रेसवर गोळी बसवताना दांडा खाली ओढतो, तेव्हा हाताला जोर जाणवतो. माझ्या काही पुंगळ्यांत गोळी लोण्यात सुरी जावी तशी जायची, काहींत कचकच करत, एखादीत अर्ध्यावर अडून मग एकदम. हे मला दोन वर्षं जाणवत होतं. मी त्याकडे 'असतं असं' म्हणून बघितलं. काट्यावरचा शेवटचा आकडा मोजणारा माणूस हातातला एवढा मोठा फरक सोडून देत होता.

पुंगळीचा गळा गोळीला किती घट्ट धरतो त्यावर दाब कसा चढेल हे ठरतं. घट्ट गळ्यातून गोळी उशिरा सुटते, पावडर जास्त कोंडलेल्या जागेत पेटते, वेग वाढतो. सैल गळा लवकर सोडतो. एकाच डब्यात दोन्ही प्रकार असतील तर पावडर कितीही तोलून घाला, वेग हलणारच.

मग प्रश्न, एकाच डायमधून (पुंगळी मापाला आवळणाऱ्या साच्यातून) काढलेले गळे वेगवेगळे का? सुट्टीत घरी फोनवर नानांशी बोलता बोलता हे निघालं. माझं लहानपण वरणगावचं, नाना तिथल्या कारखान्यात होते. छोट्या शस्त्रांची काडतुसं बनतात तिथे. मी पुंगळ्या किती वेळा वापरतो असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आठव्यांदा. पलीकडे थोडी शांतता, आणि मग: "अरे, आठ वेळा ठोकलेलं पितळ तू एकदा तरी तापवलंस का? पुण्यात तांबट आळीत जाऊन बघ, हंडा घडवताना तो किती वेळा भट्टीत घालतात."

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते ठोकलं, ओढलं, दाबलं की कडक होत जातं. प्रत्येक बाराला गळा फुगतो, प्रत्येक भरणीला डाय तो आवळतो. कडक झालेला गळा डायमधून निघाला की स्प्रिंगसारखा थोडा परत उसळतो, आणि प्रत्येक पुंगळी वेगवेगळी उसळते, कारण त्यांचं आयुष्य वेगवेगळं गेलेलं असतं. माझ्या डब्यात तर चार वेळा वापरलेल्या आणि आठ वेळा वापरलेल्या पुंगळ्या एकत्र होत्या. शिक्का एकाच कंपनीचा, म्हणून मी त्यांना सख्ख्या बहिणी समजत होतो.

तुम्ही लष्करी पुंगळी पाहिली असेल तर तिच्या गळ्यावर आणि खांद्यावर (गळ्याखालच्या उतारावर) निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. लहानपणी मला तो डाग वाटायचा. कारखान्यात शेवटी गळा तापवून नरम करतात, त्याची ती खूण. लष्कर तशीच ठेवतं, बाजारातल्या बऱ्याच पुंगळ्यांवरून ती घासून काढलेली असते. म्हणजे उत्तर माझ्या लहानपणीच्या खेळण्यांवर लिहिलेलं होतं.

गळा तापवण्याच्या अनेक पद्धती आहेत. मी गॅसच्या ज्योतीसमोर पुंगळी ड्रिलवर फिरवतो, तापमान दाखवणारा रंग लावून सेकंद आधी ठरवून घेतो, आणि मग मेट्रोनोमच्या ठोक्यावर चालतो. विजेवर चालणारी यंत्रं अधिक एकसारखं काम करतात, पण किंमत बघून मी पान उलटलं. एक नियम मात्र मोडायचा नाही: तापायचा तो फक्त गळा आणि खांदा. पुंगळीचं बूड कधीही नरम होता कामा नये. तोच भाग कमाल दाब पेलतो, आणि नरम झालेलं बूड पुन्हा कडक करायचा घरगुती उपाय नाही. शंका आली तर ती पुंगळी पक्कडीने चिरडून भंगारात टाका. तापवायला जाताना पुंगळीत प्रायमर किंवा पावडर नाही ना हे बघायचं, आणि ज्योत पावडरच्या खोलीत न्यायची नाही, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहिलं.

मग कसोटी. एकाच आयुष्याच्या वीस पुंगळ्या घेतल्या, दहा तापवल्या, दहा तशाच. पावडरचा डबा एक, प्रायमरची पेटी एक, गोळ्या एकाच लॉटच्या, भरणी एकाच संध्याकाळी. मारताना आलटूनपालटून: एक तापवलेली, एक न तापवलेली, म्हणजे नळी गरम झाल्याचा हिशेब दोघींना सारखा. न तापवलेल्यांत फरक ५७ फूट आणि डीव्हिएशन १८. तापवलेल्यांत २८ आणि ९. दहा-दहा गोळ्यांवर भरवसा किती ते वर सांगितलंच आहे, म्हणून पुढच्या दोन शनिवारी पुन्हा केलं. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, क्रम तोच राहिला.

गळ्याचाच आणखी एक भाग माझ्या उशिरा ध्यानात आला. मी पुंगळ्या स्टीलच्या पिना घालून पाण्यात धूत होतो. आतून आरशासारख्या निघतात, बघायला फार छान. पण बाराने गळ्यात बसलेली काजळीची पातळ साय गोळीला वंगणासारखी उपयोगी पडते, आणि मी तीच खरवडून टाकत होतो. उघड्या पितळावर गोळी कचकच करते ती यामुळे. शिवाय अशी काडतुसं महिनोन्महिने ठेवली तर गोळी आणि गळा एकमेकांना चिकटून बसतात, आणि जुन्या काडतुसाचा वेग वेगळाच येतो. आता मी पिना बंद केल्या आहेत. कोरड्या मक्याच्या भरडीत घोळवतो, आणि गोळी बसवण्याआधी गळा ग्रॅफाइटच्या पुडीत बुडवून काढतो. पुंगळ्या जरा मळकट दिसतात. सौभाग्यवतींनी एकदा बघून विचारलं, "हे घासून ठेवू का?" नको म्हटलं.

डायमधला एक्सपांडर गोळा (गळा आतून रुंदावणारा) कोरड्या गळ्यातून ओढला तर खांदा पुढे खेचला जातो आणि गळा वाकडा होतो. तो काढून टाका आणि गळा वेगळ्या मँड्रेलने (मापाच्या गुळगुळीत दांडीने) आतून मापाला आणा. मी गोळी बसवण्याआधीच्या गळ्याच्या आणि गोळी बसवलेल्या गळ्याच्या बाहेरच्या मापात दोन हजारांश इंचाचा फरक धरतो. त्याहून जास्त आवळून काही मिळत नाही, फक्त गोळी खरवडली जाते.

ज्यांच्यामागे धावू नये असे संशयित

काडतुसाची पूर्ण लांबी टोकापर्यंत मोजून लोक घाबरतात. मॅच गोळ्यांची टोकं कारखान्यातूनच पाचसहा हजारांशांनी कमीजास्त येतात. लांबी मोजायची ती गोळीच्या फुगवट्यापासून, मापकाला कंपॅरेटर नावाचा जोड लावून. पूर्ण लांबी फक्त मॅगझिनमध्ये मावते का एवढ्यापुरती बघा; .३०८ ला ती २.८१० इंचांच्या आत असते.

प्रायमर बदलून चमत्कार होत नाही. तो खड्ड्याच्या तळाला टेकला पाहिजे आणि पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत असला पाहिजे, बोट फिरवून कळतं. सैल बसणारा प्रायमर म्हणजे ती पुंगळी संपली. प्रायमरची जात बदललीच तर पावडर पुन्हा खालून चढवत आणा.

पुंगळीची लांबी २.०१५ इंचांच्या पुढे गेली की कापून २.००५ वर आणायची. हे वेगाच्या स्थिरतेपेक्षा सुरक्षिततेसाठी आहे. लांब गळा चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत) चिमटला तर दाब धोक्याच्या पुढे जातो. लष्करी पुंगळ्या मात्र वेगळ्या ठेवा. त्यांच्या भिंती बहुधा जाड, आत जागा कमी, तीच पावडर घातली तर दाब जास्त. एकाच डब्यात मिसळल्या तर उभी रांग हमखास.

गोळ्या वजनाने निवडून वेगळ्या करण्यात मी एक अख्खा रविवार घालवला. सहाशे यार्डांवर काहीही फरक दिसला नाही.

उन्हाळ्याचा आजार वेगळा

जुलैत पुन्हा रांग दिसली, तेव्हा मी आधी गळ्यालाच दोष दिला. पण नोंदवहीत ती रांग चढती होती: पहिल्या गोळ्या खाली, नंतरच्या वर. गळ्याच्या दोषात असा क्रम नसतो, तिथे गोळ्या कशाही पडतात. काय व्हायचं, मी वाऱ्याचा अंदाज घेत काडतूस गरम चेंबरमध्ये मिनिटभर ठेवायचो. पावडर शेकायची. बरं, डबाही उन्हात. आता काडतुसं थंड पेटीत सावलीला, आणि गोळी मारायची ठरवूनच बोल्ट लावायचा. वाऱ्याने विचार बदलला तर काडतूस काढून ठेवायचं. माझी पावडर ऑस्ट्रेलियात बनते आणि उष्णतेला कमी बधते असा तिचा लौकिक आहे. तो खराही आहे. पण कमी बधणं म्हणजे न बधणं नव्हे, आणि हिवाळ्यात तक्त्याच्या वरच्या टोकाला जमवलेला लोड उन्हाळ्यात तपासल्याशिवाय वापरू नये. बोल्ट उचलायला जड गेला, प्रायमर चपटा झाला, बुडावर चकचकीत खूण उमटली, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबवायचा आणि उरलेली काडतुसं घरी आणून खोलायची.

सध्याची स्थिती अशी: फरक पंचवीस ते तीस फूट, सहाशेवर उभा पसारा साडेपाच इंचांच्या आत. सहाशे यार्डांच्या निशाणीवर मधलं एक्स वर्तुळ सहा इंचांचं असतं, म्हणजे वारा साथ देईल त्या दिवशी जमतं. पुंगळ्या आता पन्नासाच्या गटांत राहतात, प्रत्येक गटाच्या डब्यावर किती बार झाले ते पेन्सिलीने लिहिलेलं, आणि प्रत्येक भरणीआधी गळा तापवला जातो. गोळी बसवताना दांडा जड किंवा हलका लागला की ते काडतूस वेगळ्या रांगेत जातं, शंभर यार्डांवर नळी गरम करायला.

पन्नासांत अशी अजून दोन-तीन निघतात. ती का निघतात हे शोधतो आहे. त्या पुंगळ्यांवर मार्करने ठिपका केला आहे. पुढच्या भरणीला त्याच पुंगळ्या पुन्हा जड लागल्या तर दोष पितळात, दुसऱ्याच लागल्या तर माझ्या ग्रॅफाइटच्या हातात.